पहिली भाजीबाग पाच डब्यांची

पावसाळ्यात पालेभाजी महागली की घरोघरी एक गोष्ट न बोलता घडते. मेथीची एक जुडी चौघांना पुरवायची म्हणून भाजीत बटाटा वाढतो. आधी मुलांना, मग मोठ्यांना वाढलं जातं, आणि कढईच्या तळाशी जे उरतं ते घरातल्या बाईच्या ताटात येतं. कुणी तिला तसं सांगितलेलं नसतं. तीच म्हणते, "मला नको, मला लोणचं आहे." घरी थोडी भाजी लावावी असं मी मैत्रिणींना सांगते तेव्हा माझ्या मनात गुलाब-शेवंतीची हौस नसते, हे ताट असतं.

भाजीबाग लावायचं ठरवतात पुष्कळजणी. पाडव्याला किंवा पहिल्या पावसाला नर्सरीतून एकदम पंधरा-वीस कुंड्या येतात. वांगी, टोमॅटो, भेंडी, दुधी, कारलं, सगळंच हवं असतं. महिनाभर कौतुक चालतं. पाहुण्यांना गच्चीवर नेऊन दाखवून होतं. मग मुलांच्या परीक्षा येतात, सासूबाईंचं आजारपण येतं, आपली नोकरी-शिकवण्या असतातच. दिवाळीला बघावं तर कोपऱ्यात रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या!

अशा वेळी आपण म्हणतो, "माझ्या हाताला गुण नाही." मैत्रिणींनो, हाताचा यात काही दोष नाही. बहुतेक वेळा बाग दिवसापेक्षा मोठी झालेली असते, एवढंच. म्हणून पहिल्या बागेचं माप जागेवरून किंवा हौसेवरून घेऊ नका, घड्याळावरून घ्या. रोजची पंधरा मिनिटं निघत असतील तर पाच डबे. तेवढ्या वेळात पाणी घालून होतं, पानं उलटी करून पाहून होतात आणि चार काड्या खुडूनही होतात. पाच डबे सहा महिने जगवले की मग खुशाल पंधरा करा.

ऊन कुठे पडतं ते आधी बघा

कुंडी आणण्याआधी एका रविवारी एवढंच काम करा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गॅलरीत, खिडकीत, गच्चीवर किंवा अंगणात ऊन कुठे आहे ते बघून कागदावर मांडा. फळभाजीला, म्हणजे मिरची, टोमॅटो, वांगी, भेंडी यांना, दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावरही भागवून घेतात. पुदिना आणि मायाळू त्याहून थोड्या उन्हातही तग धरतात.

आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत त्या दिवसांत ऊन आतपर्यंत येतं, तर उत्तरेची गॅलरी जवळजवळ सावलीतच राहते. पूर्वेचं कोवळं ऊन पालेभाजीला फार मानवतं. पश्चिमेचं दुपारचं ऊन मार्च-एप्रिलपासून भाजून काढतं, तिथे जुन्या साडीचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा करावा लागतो. ऊन अजिबात येत नसेल तर टोमॅटोचा हट्ट सोडून द्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे इथेही खरंच आहे.

डबे, वजन आणि खालचा मजला

मातीची सुबक कुंडी छान दिसते, पण भाजीला तिची गरज नाही. रंगाची रिकामी बादली, फुटकं घमेलं, फळांचा प्लॅस्टिकचा क्रेट आतून पोतं लावून, द्राक्षांचं थर्मोकोलचं खोकं, काहीही चालतं. पत्र्याचा तेलाचा डबा मध्ये आडवा कापला तर सहा-सात इंच खोलीचे दोन भाग निघतात. कडा मात्र ठोकून आत वळवून घ्या, हात कापतो. रंगाची बादली नीट घासून धुतलेली हवी आणि औषधांचा किंवा रसायनांचा डबा मुळीच घेऊ नये.

मेथी, कोथिंबीर, पालक, माठ यांना सहा ते आठ इंच खोली पुरते. मिरचीला दहा आणि टोमॅटो-वांग्याला बारा इंच तरी हवी. तळाला बोटाएवढी चार-पाच भोकं पाडून त्यांवर खापराचे तुकडे पालथे ठेवावेत, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती वाहून जात नाही.

आता वजनाचं बघू. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल डब्यात नुसती ओली माती भरली तर ती पंचेचाळीस किलोंच्या आसपास भरते! बाहेर काढलेल्या सज्ज्यावर असे दहा डबे ओळीने ठेवणं धोक्याचं. गच्चीवर डबे मध्यभागी न ठेवता कठड्याच्या कडेने, जिथे खाली भिंत किंवा तुळई असते तिथे ठेवावेत. प्रत्येक डबा दोन विटांवर ठेवावा, म्हणजे खालून वारा खेळतो, गच्ची ओली राहत नाही आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल धरत नाही. सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा आधी विचारून घ्यावं. पहिली मेथी निघाल्यावर खालच्या काकूंना अर्धी जुडी दिली तर पुढचे वादही मिटतात.

माती विकत घ्यायची की करायची?

देशावरची काळी माती डब्यात एकटी वापरू नये. ओली असताना चिखल होतो आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. तांबडी माती बरी, पण तीही नुसती घट्ट बसते. सोपं प्रमाण असं : एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा चुरलेला पालापाचोळा. एका डब्याला मूठभर निंबोळी पेंड. असं मिश्रण भुसभुशीत राहतं आणि नुसत्या मातीपेक्षा वजनालाही बरंच हलकं होतं. शेणखत ओलं, वासाचं असेल तर घेऊ नका. त्याने रोपं करपतात आणि हुमणीच्या अळ्याही घरात येतात.

पुढची माती मात्र घरीच करावी. भाजीची देठं, साली, धुतलेली चहाची पावडर आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला, असे थर भोकं पाडलेल्या बादलीत देत जावं. शिजलेलं अन्न, तेलकट आणि मांस-मासळीचं काही घालू नये. आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करावं. वास येऊ लागला तर ते फार ओलं झालं असं समजून आणखी वाळका पाला घालावा. दोन ते तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं.

हे काही माझं नवीन ज्ञान नव्हे. कोल्हापूरचे गणिताचे शिक्षक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून, पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर कसं पोसता येईल याचा हिशोब मांडला. उन्हाचा प्रत्येक कवडसा पानाने पकडला पाहिजे आणि काडीकचरा मातीत परत गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडं आणि थोडीशी माती पिशव्यांत भरून भाज्या-फळं काढून दाखवली. २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या भोजनगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून माती करून बाग उभी केली. शहरात माती नाही ही सबब या मंडळींनी केव्हाच खोटी ठरवली आहे.

पाच डब्यांत काय काय?

निवडीचा नियम एकच : आपल्या घरात रोज लागतं, लवकर येतं आणि थोडं निघालं तरी उपयोगी पडतं, ते आधी लावा. एका भेंडीच्या झाडाला एक-दोन दिवसांआड एखादी भेंडी येते. चौघांची भाजी व्हायची तर आठ-दहा झाडं हवीत. म्हणून भेंडी दुसऱ्या वर्षी.

पहिला डबा मेथीचा. बी विकत आणू नका, मसाल्याच्या डब्यातल्या मेथ्या चालतात. रात्रभर भिजवून सकाळी मातीवर दाट पसराव्यात आणि अर्धा इंच मातीने झाकाव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर वर येतात आणि वीस-पंचवीस दिवसांत भाजी होते. माझ्या वर्गातल्या मुलांना मी दरवर्षी हीच पेरायला लावते, कारण मुलांचा धीर सुटायच्या आत ती उगवून येते. पहिल्यांदा बाग करणाऱ्या मोठ्या माणसाचंही तसंच असतं.

दुसरा डबा कोथिंबिरीचा. धने अख्खे पेरू नयेत. पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत, मग रात्रभर भिजवून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस आणि काढणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर जाते, म्हणून हिवाळ्यातच सुरुवात करावी. मुळासकट न उपटता बाहेरच्या काड्या खुडल्या तर पुन्हा फुटते.

तिसरा डबा पालकाचा किंवा लाल माठाचा. महिन्याभरात पहिली कापणी मिळते. पालक जमिनीपासून दीड-दोन इंच ठेवून कापला की त्याच मुळांवर दोन-तीन वेळा तरी येतो.

चौथा डबा मिरचीचा, एका डब्यात एकच रोप. बियांपासून रोप करायला महिना-सव्वा महिना जातो, म्हणून पहिल्या खेपेला तयार रोपच आणावं. लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत मिरच्या लागतात आणि पुढे कित्येक महिने फोडणीपुरत्या मिळत राहतात.

पाचवा डबा पुदिन्याचा. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडून पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. पुदिना दुसऱ्या कशात लावू नये, तो सगळा डबा व्यापून बसतो. याच डब्याशेजारी एखाद्या फुटक्या कपात लसणीच्या पाकळ्या टोचून ठेवा. पंधरा दिवसांत पात खुडायला येते.

आणि एक युक्ती. सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नये. डब्याचे तीन भाग मनात पाडून आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावी. म्हणजे एकदा ढीगभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं होत नाही.

मेथ्या, धने, लसूण, पुदिना हे बियाणं तर आपल्या स्वयंपाकघरातच असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाताही आपल्या परसबागेतून गावरान वाणांचं बियाणं जपलं आणि गावोगावच्या बायकांना वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण तेवढं नाही तरी धन्याची दोन रोपं फुलावर जाऊ द्यावीत आणि पुढच्या वर्षीचं बी कागदी पुडीत तारीख घालून ठेवावं.

पाणी : बोटाला विचारा

नव्या बागा पाण्याअभावी मरतात त्याहून जास्त अति पाण्याने मरतात. बोट एक पेरभर मातीत घालून बघावं. ओल लागली तर आज पाणी नको. हिवाळ्यात सकाळी एकदा, डब्याला साधारण एक लिटर पुरे. कडक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. पावसाळ्यात पाणी घालायचं नसतं, ते निघून जातंय ना हे पाहायचं असतं. मातीवर वाळक्या पाल्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर दिला की ओल टिकते.

पूर्वी न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ मजेत वाढायची. आता त्या पाण्यात डिटर्जंट असतं, ते डब्यातल्या भाजीला घालू नये. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मात्र फुकट घालवू नये. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी क्षारांचं असतं. ते रोज घातलं तर मातीवर पांढरी खार चढते, तेव्हा ते लादी पुसायलाच ठेवा.

डब्याखाली ताटली ठेवत असाल तर साचलेलं पाणी आठवड्यातून दोनदा तरी ओतून ताटली घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. भाजी मिळाली आणि घरात ताप आला, असं व्हायला नको.

मे महिन्यात माहेरी किंवा गावाला जायचं असेल तर डबे सावलीत एकत्र आणावेत, मधे उंचावर पाण्याची बादली ठेवावी आणि जाड सुती दोरी किंवा कापडाची वात बादलीतून प्रत्येक डब्यात सोडावी. चार-पाच दिवस निभतं. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारणीला चावी आणि पुदिना दोन्ही द्यावं.

कीड आली तर

पंधरा मिनिटांतली दोन मिनिटं पानांच्या मागच्या बाजूसाठी राखून ठेवा. कोवळ्या शेंड्यावर बारीक हिरवे-काळे ठिपके दाटीने बसले असतील तर तो मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मा तिथेच जातो. कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावा. मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढावा, ती बहुधा मावा किंवा पिठ्या ढेकणाकडेच नेते. कीड वाढली तर एक लिटर पाण्यात एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारावं. त्यानंतर चार-पाच दिवस भाजी काढू नये आणि काढली की चांगली धुवावी.

मिरचीची पानं आकसून वाकडी झाली तर तो चुरडा-मुरडा. बारीक फुलकिड्यांनी, कोळ्यांनी किंवा विषाणूने तो होतो. थोडाच असेल तर शेंडे खुडून टाकावेत, फार असेल तर जीव कठोर करून रोपच काढावं. जुन्या पुस्तकांतून तंबाखूचं पाणी फवारायला सांगत. ते करू नका. तंबाखूतलं निकोटीन हे विषच आहे आणि आपण ही पानं खाणार आहोत. कबुतरं आणि चिमण्या कोवळे अंकुर खुडतात, त्यांच्यासाठी पहिले दहा दिवस जुनी मच्छरदाणी पांघरावी.

हिशोब मांडला तर

घरातले डबे वापरले तर माती, खत, पेंड आणि एक मिरचीचं रोप मिळून पाच-सातशे रुपयांत भागायला हवं. एवढ्याने भाजीचं बिल निम्मं होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कांदे-बटाटे, फ्लॉवर, वांगी बाजारातूनच येणार. वाचतं ते कोथिंबीर, मिरची, पुदिना यांचं किरकोळ रोजचं. आणि जुडी आणून निम्मी फ्रीजमध्ये सडते, ते थांबतं.

पैशांपलीकडचा हिशोब मोठा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्ताची कमतरता असल्याचं आढळलं. पाच डब्यांनी ती भरून निघेल असं मी म्हणत नाही. पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच घेतं आणि ज्यांना कमतरता आहे त्यांना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पण पालेभाजीवर लिंबू पिळून खाल्लं तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवल्याबरोबर चहा घेतला तर अडथळा होतो, एवढं आपल्या हातात आहे. म्हणून घरची पहिली मेथी निघेल तेव्हा वाढताना आपलं ताट शेवटी ठेवू नका. लावली आपण, तर खावीही आपण.

बाग एकटीची करू नका

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. स्वयंपाक, धुणी, मुलांचा अभ्यास या यादीत 'झाडांना पाणी' हे आणखी एक काम बाईच्या नावावर चढलं, की ती बाग टिकत नाही. पहिल्याच दिवशी कामं वाटून टाका. मातीची पोती चढवणं आणि डब्यांना भोकं पाडणं घरातल्या पुरुषांकडे. पाणी घालणं मुलांकडे, वार लावून. मेथी निवडणं सासूबाईंकडे किंवा आजोबांकडे, त्यांचा वेळही बरा जातो. आणि काय पेरायचं, कधी काढायचं हे ठरवणं आपल्याकडे. मुलगा पाणी घालायला विसरला आणि कोथिंबीर माना टाकू लागली, तर धावत जाऊन आपण घालू नये. त्यालाच हाक मारावी.

सुरुवात कधी करावी? आपल्या हवामानात दसऱ्याच्या सुमारास. पाऊस ओसरलेला असतो, ऊन सौम्य होत जातं आणि पालेभाजीचे तीन-चार महिने समोर असतात. फेब्रुवारीपर्यंत मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या दोन-तीन खेपा निघतात. मार्चपासून फक्त पुदिना, मिरची, मायाळू आणि अळू सांभाळावं आणि मोकळ्या डब्यांत घरचं खत घालून ठेवावं. जूनमध्ये पुन्हा पेरणी. तोवर कोणता डबा कुठे चांगला येतो, घरात काय आवडीने खाल्लं जातं आणि आपल्याला खरोखर किती वेळ मिळतो, हे कळलेलं असेल. मग सहावा डबा आणायचा की नाही, ते तुमचं तुम्हीच ठरवाल.

मसाल्याच्या डब्यात मेथ्या असतीलच. या आठवड्यात त्यातल्या मूठभर भिजत घाला.